सेवेरिनचे सहा

१४ ऑक्टोबर १९९६, सोमवार

पोचले एकदाची इमिलिकला! हेलिकॉप्टरमधून उतरले तर समोर निम्मं गाव उभं. मला वाटलं, माझ्या स्वागताला आलंय. आलं होतं टपालाच्या पोत्यांसाठी आणि ऊलरिक्का नावाच्या बाईच्या नव्या शिलाई मशीनसाठी. तरी सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. रेडिओ स्टेशनचे मुख्य मानासे यांनी माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर टाकली. साठीचे आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण चालतात असे की मला मागून पळावं लागलं. वाटेत दोन्ही बाजूंना साखळीला बांधलेली कुत्री. त्यांनी मला नीट हुंगून घेतलं.

घर निळं आहे, एका खोलीचं, खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं. रॉकेलचा स्टोव्ह पहिल्या काडीला पेटला. शेजारणीने वाफाळतं सीलच्या मटणाचं सूप आणून ठेवलं. खूप खाल्लं. घरी, पश्चिम किनाऱ्यावरच्या मानीत्सोकला, आईला फोन केला आणि सांगितलं, काळजी करू नकोस, माणसं चांगली आहेत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काम समजलं. अवघड नाही. सकाळी हवामान घ्यायचं, ते पुढे पाठवायचं. दुपारी बाराला भोंगा वाजवायचा. सगळं गाव त्यावर घड्याळं लावतं. संध्याकाळी बरोबर सहाला शिकारीसाठी झोपड्यांवर गेलेल्या लोकांचा रेडिओ ऐकायचा, सव्वासहाला बंद. त्यांच्या बॅटऱ्या मरतुकड्या असतात, म्हणून ते तेवढ्यापुरताच सुरू करतात.

सबंध देशात या एका भागाची वेळ वेगळी. राजधानी नूकपेक्षा आम्ही दोन तास पुढे. मानासे छाती काढून म्हणाले, "पाचशे माणसं आणि हजार कुत्री, पण वेळ आपली स्वतःची आहे, पोरी. ती आता तुझ्या हातात."

यंदा बर्फ उशिरा धरतंय, त्यामुळे एकच माणूस बाहेर आहे. सेवेरिन. त्याची झोपडी खाडीच्या आत, पायी सहा तासांवर. आज त्याच्याशी पहिल्यांदा बोलले. आवाज जाडा आणि हसरा. आधी हवा विचारली, मग बायको ताबिथाला निरोप दिला की दोन सील मिळाले, मग म्हणाला, "पश्चिमवाले, इथल्या थंडीत तुझं नाक राहिलं का जागेवर?"

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज फजिती झाली. दुकानात अंडी मागितली तर दुकानदारीण पोट धरून हसायला लागली. आमच्या पश्चिमेकडच्या शब्दाचा इथल्या बोलीत म्हणे भलताच अर्थ होतो. दुकानात सहा-सात जण होते, सगळे हसले. मीही हसले. कान मात्र घरी येईपर्यंत तापलेले होते.

संध्याकाळी मानासेंनी तो किस्सा रेडिओवर सेवेरिनला सांगितला. तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मानासे आज डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गेले. दोन आठवडे स्टेशन माझ्या एकटीवर. हेलिकॉप्टरच्या आवाजात कानाशी ओरडून त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. उद्या रात्री घड्याळं एक तास मागे घ्यायची आहेत. आजवर हे सप्टेंबरअखेर व्हायचं, लोक बाहेर पडण्याआधीच. यंदापासून नियम बदलला, ऑक्टोबरअखेर झालं. गावाला सूचना लागली आहे, पण सेवेरिन ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून बाहेर. "शनिवारी सहाला त्याला सांग. नाहीतर तो त्याच्या सहाला ओरडत बसेल आणि आपल्याकडे वाजले असतील पाच."

मी म्हटलं, सांगते. एवढं काय त्यात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ऊलरिक्काच्या नातीचा वाढदिवस, साऱ्या गावाला कॉफीचं बोलावणं. चार तऱ्हेचे केक आणि व्हेलची कातडी, अगदी कोवळी. मला खास बोलावलं होतं. पहिल्यांदाच वाटलं की आपण इथल्या होऊ.

सहाला सेवेरिन रेडिओवर आला तेव्हा माझा एक पाय दाराबाहेरच होता. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "काय गं, आज अंडी मिळाली का?" आठवडाभर हेच चाललंय. मला राग आला. "उद्या बोलू" म्हटलं आणि खटकन बंद केलं.

ऊलरिक्काकडे जाताना वाटलं, काहीतरी राहिलं. परत येऊन दार बघितलं. लावलेलं होतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

काल झोपण्याआधी स्टेशनचं घड्याळ मागे घेतलं होतं. सकाळी चर्चमध्ये दोघं जण तासभर आधी येऊन बसले होते, त्यांची सगळ्यांनी टर उडवली.

सहाला सेवेरिन आला नाही. साडेसहापर्यंत थांबले. निरोप घ्यायला ताबिथा आली होती. बारीक, शांत बाई, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघते. मी म्हटलं, बॅटरी असेल. ती म्हणाली, असेल.

२८ ऑक्टोबर, सोमवार

आजही नाही. ताबिथा भरतकाम घेऊन आली होती, सातपर्यंत बसली. "तो बोलल्याशिवाय राहत नाही," एवढंच म्हणाली.

आत्ता झोपायला म्हणून मनगटी घड्याळ काढलं. भिंतीवरचं दहा दाखवतंय. हातातलं अकरा. ते मागे घ्यायचं राहूनच गेलं होतं.

आणि मग आठवलं.

मी त्याला सांगितलंच नाही. दोन दिवस तो त्याच्या सहाला, म्हणजे आमच्या पाचला बोलत असणार आणि तेव्हा स्टेशनला कुलूप. ताबिथा पलीकडच्याच घरात आहे, दिवा दिसतोय. जाऊन सांगायचं होतं. बूट घातले. मग ते दुकानातलं हसणं आठवलं. पश्चिमेकडून आलेली शहाणी, एक वेळ सांभाळायची होती तीही जमली नाही. बूट काढले.

उद्या पाचलाच जाऊन बसेन. त्याला सांगेन. झालं. कुणाला कळणारही नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. रात्री

नीट लिहिते, म्हणजे कुठेतरी तरी नीट लिहिलेलं असेल.

पावणेपाचला बसले. पाचला तो आला. आवाज इतका बारीक की मी ओळखलाच नाही. रविवारी सकाळी कड्यावरून घसरला. घोटा मोडलाय, हाड बाहेर दिसतंय. त्याच दिवशी लंगडत झोपडीत पोचला, तोवर कुत्री सुटून गेली होती. काल रात्री रॉकेल संपलं. दोन दिवस हाका मारतोय. मग म्हणाला, "कुणी आहे का तिथे? का उचलत नाही कुणी?"

मी बटण दाबलं. उत्तर द्यायला दाबलं. का उचललं नाही, याचं उत्तर माझ्या तोंडात होतं आणि ते बाहेर येईना. काही दुसरं सांगता येईल का, हे मी शोधत होते. बॅटरी म्हणावं, वादळ म्हणावं. किती वेळ गेला? दहा सेकंद? वीस? बटण दाबलेलं असलं की समोरच्याचा आवाज येत नाही, आणि मी ते दाबून गप्प बसले होते.

सोडलं तेव्हा तो म्हणत होता, "...कुणीच नाही. मग निघतो चालत." आणि खरखर. नंतर मी खूप ओरडले. तू तिथेच थांब, माणसं येतायत, थांब. त्याची बॅटरी गेली होती.

"थांब" हा एक शब्द आधी बोलायचा होता.

धावत जाऊन गेदियोनला गाठलं. सगळ्यांत जुना शिकारी तो. अर्ध्या तासात कुत्र्यांच्या तीन गाड्या जुंपून ते निघाले. निघताना त्याने विचारलं, पाचला कशी काय बसली होतीस? मी म्हटलं, मन लागत नव्हतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

शोधायला गेलेले परत आले. झोपडी रिकामी होती. दारातून त्याने बनवलेल्या कुबडीची खूण निघालेली, शंभर पावलांवर वाऱ्याने पुसलेली. दोन दिवस शोधलं. काही नाही.

त्याचं सामान आणलं. त्याचा रेडिओ इथे स्टेशनच्या कोपऱ्यात ठेवलाय, बॅटरी काढून. बाकीचं ताबिथाकडे गेलं.

चर्चमध्ये पाद्र्याने माझं नाव घेतलं. म्हणाला, ही परकी मुलगी, पण आतून जाणीव झाली म्हणून तासभर आधी जाऊन बसली. हिच्यामुळे निदान शोधायला जाता आलं. सगळ्यांनी वळून बघितलं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. बाहेर ताबिथाने माझ्या हातात सीलच्या कातड्याचे हातमोजे ठेवले. त्याच्यासाठी शिवले होते, आता तू घाल, म्हणाली. मी घेतले. नाही कसं म्हणायचं? घेतले, आणि "आभारी आहे" म्हटलं.

स्टेशनच्या वहीतल्या नोंदी तपासल्या. रविवार, सहा वाजता, आवाज नाही. सोमवार, सहा वाजता, आवाज नाही. एकही शब्द खोटा नाही. तेच बघवत नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच वाजता मी हवामानाचे आकडे लिहीत होते. रेडिओ खरखरला.

"निघालो. लाल कड्यापर्यंत आलो."

सेवेरिनचा आवाज. जिवंत! मी खुर्चीवरून अशी उठले की खुर्ची पडली. सेवेरिन, कुठे आहेस, थांब तिथेच, असं ओरडले. त्याने ऐकलं नाही किंवा ऐकलं तरी उत्तर दिलं नाही. धापा टाकत होता. मग म्हणाला, "का उचलत नाही कुणी?"

दाराकडे धावले, गेदियोनला सांगायला. दाराशी कोपऱ्यात त्याचा रेडिओ होता. वायर गुंडाळलेली. बॅटरीची जागा रिकामी.

सांगितलं नाही कुणाला.

२ नोव्हेंबर, शनिवार

वाटलं होतं, काल झोप नव्हती म्हणून झालं.

पाचला आला. "नदीच्या तोंडाशी आलो. पाणी अजून वाहतंय. पाय ओला झाला." मग तोच प्रश्न.

लाल कडा ते नदीचं तोंड, पायी एक तास. त्याला दिवसातला एवढा एकच तास मिळतोय. मी न सांगितलेला.

मी बटणाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

३ नोव्हेंबर, रविवार

पाचला स्टेशनवर गेलेच नाही. घरी बसले, दार लावून, रेडिओ नाही काही नाही. स्टोव्हवर किटली ठेवली होती. तिच्या सूंसूं आवाजातून तो बोलला.

"ओस पडलेल्या गावापर्यंत आलो. इथे भिंतीच्या आडोशाला बसावंसं वाटतं. पण बसत नाही. का उचलत नाही कुणी?"

किटली उचलून बाहेर बर्फात फेकली. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिने हसून मान हलवली. तिला वाटलं असेल, चटका बसला.

४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी भोंगा वाजवायला हात उचलेना. तीन मिनिटं उशीर झाला. कुणी काही बोललं नाही. इथे कुणीच काही बोलत नाही. दुकानात शिरले की आवाज खाली येतात. दुकानदारीण न मागता अंडी काढून देते, माझ्या बोलीतला शब्द वापरून. हसत नाही.

स्टेशनचं घड्याळ पुन्हा तासभर पुढे केलं, जुन्या वेळेवर. म्हटलं, त्याचे आणि आमचे सहा एकच होऊ देत, मी सहाला बसेन, उचलेन, जे झालं ते झालंच नाही असं होईल. वेड्यासारखं. काट्यांना काय कळतं.

"कोल्ह्याच्या टेकाडावर आलो. गावाचे दिवे दिसताहेत."

टेकाडापासून गावापर्यंत दोन तास. उद्या. परवा.

ताबिथा सहाला आलीच, तिच्या भरतकामासकट. रोज येते. एकटं वाटायला नको तुला, म्हणते. मला. एकटं. तिच्याकडे बघवत नाही, मी घड्याळाकडे बघत राहिले. तीही घड्याळाकडे बघत होती. ते तासभर पुढे होतं. उठून तिने ते मागे केलं आणि पुन्हा सुई हातात घेतली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. सकाळीच गेले तिच्याकडे. हातमोजे टेबलावर ठेवले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शनिवार, कॉफी, अंडी, उद्या बोलू. बटण दाबून गप्प बसले तेही. जमिनीकडे बघून सांगितलं.

तिने कॉफी ओतली. माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "बस."

मग बोट दाखवलं. भिंतीवर सेवेरिनचं घड्याळ, झोपडीतून आणलेलं. टिकटिक करत होतं. तासभर पुढे.

"गेदियोनने आणलं तेव्हा चालूच होतं," ताबिथा म्हणाली. "त्याने बघितलं, मी बघितलं. त्याच दिवशी कळलं."

मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे?

"सगळ्यांना. पाद्रीबाबांना, ऊलरिक्काला, पोरांनासुद्धा."

म्हटलं, मग चर्चमध्ये ते सगळं... हे हातमोजे...

"तुला बोलायला जागा केली होती गं. माणूस बोलेल, असं वाटलं. रोज सहाला येऊन बसत होते ना मी? ते कशाला?"

मी रडायला लागले. म्हटलं, मला मारा, शिव्या द्या, पण माफ करा. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी कुठे विचारलं होतं? ज्याने विचारलंय त्याला सांग." मग घड्याळाकडे बघत हळूच म्हणाली, "यात सहा वाजले की मलाही ऐकू येतो. मी म्हटलं, आधी घरी ये, पाय शेकते. म्हणाला, नाही. आधी स्टेशन. एक उत्तर राहिलंय."

हातमोजे तिने परत माझ्या हातात दिले. बाहेर थंडी आहे, म्हणाली.

पाचला: "तळ्याकाठी आलो."

मी बटण दाबलं. दाबलं आणि—

काही नाही. तोंड उघडलं, आवाज नाही. तसंच, त्या दिवशीसारखं. बटण सोडलं. "बरं," म्हणाला. "उद्या समोरच बोलू."

६ नोव्हेंबर, बुधवार

चार वाजून दहा मिनिटं. स्टेशनवर आहे. दार उघडं ठेवलंय. कुलूप लावावंसं वाटलं, पण एकदा लावलं तेवढं पुरे.

काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय. आधी लिहिलं, नियम नवीन होता. खोडलं. मानासे इथे नव्हते. खोडलं. तू मला चिडवलंस. ते तर इतकं खोडलं की कागद फाटला. आता एकच ओळ आहे. वाचून बघितली. मोठ्याने, चार वेळा. येते बोलता. आवाज येतो.

चार पस्तीस. ताबिथाच्या खिडकीत दिवा. गेदियोनच्याही. सगळ्यांच्याच. दिवे लावून बसलेत. कुणी बाहेर नाही.

चार पन्नास. कुत्री गप्प झाली. हजार कुत्री. तळ्याकडच्या बाजूची आधी, मग इकडची, मग अगदी स्टेशनपाशी बांधलेली. साखळ्यांचासुद्धा आवाज नाही.

बर्फावर पाऊल. मग घासत येणारं दुसरं. पाऊल. घासणं.

कुबडी पायरीवर—

पाच.

दारात आहे. अंगावर बर्फ नाही. कपड्यांतून पाणी ठिबकतंय. चेहरा रागावलेला असेल असं वाटलं होतं. नाही. दमलेला आहे फक्त. माझ्याकडे असा बघतोय जसं कुणी पाणी मागून थांबतं

विचारलं त्याने.

कागद हातात आहे. एक ओळ. वाचायची फक्त. जीभ हलत नाही

पुन्हा विचारलं. जवळ आलाय

लिहून दाखवते. इथेच लिहिते, त्याला वाचू दे. सेवेरिन, त्या शनिवारी मी तुला सांगायला विसरले, आणि नंतर लाज वाटली म्हणून— तू विचारत होतास तेव्हा मी इथेच होते. ऐकत होते. बटण दाबून

तो वाकलाय वहीवर. पानावर पाणी पडतंय, शाई पसरतेय

माझ्या हातावर हात ठेवला त्याने. इतका थंड. म्हणतो, लिहू नकोस. बोल.

बोलते. बोलते सेवेरिन. एक मिनिट, मी